स्पीडवे लीगचा सीझन ठरतो हिवाळ्यातल्या बेरजेत

प्रश्न असा आहे: कामानिमित्त मँचेस्टरला आलेल्या एका वाचकाने सोमवारी संध्याकाळी तिथल्या बेल व्ह्यू संघाची स्पीडवे लीग मॅच पाहिली. चार मोटारसायकली, डावीकडे वळत चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास, आणि असं पंधरा वेळा. शर्यत समजली. समजलं नाही ते कार्यक्रमपत्रिकेतलं ‘११+२’ सारखं लिखाण, आठ गुणांनी मागे असलेला पाहुणा संघ शेवटच्या हीटसाठी, म्हणजे शेवटच्या शर्यतीसाठी, एवढा जिवावर का उठला ते, आणि ‘कागदावर सामान्य दिसणारा संघ चॅम्पियन होतो’ हे शेजारच्या म्हाताऱ्याचं म्हणणं. ब्रिटनमधल्या वरच्या डिव्हिजनचा सीझन नेमका कशावर ठरतो?

सरासरीवर. कोण किती वेगवान आहे याला महत्त्व आहेच, पण संघ बांधताना रायडरची सरासरी किती धरली आणि प्रत्यक्षात तो किती गुण आणतो, या दोन आकड्यांतल्या फरकावर सीझन जिंकला किंवा हरला जातो. बाकी सगळं, म्हणजे ट्रॅक, इंजिन, टायर, हा फरक आपल्या बाजूने वाढवण्यासाठी केलेली खटपट.

आधी हिशेबाची रीत. प्रत्येक हीटमध्ये दोन यजमान आणि दोन पाहुणे. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला भोपळा. म्हणजे एका हीटमध्ये ६ गुण, १५ हीट्सचे ९०, आणि ४६ वा गुण मिळाला की मॅच जिंकली. रायडर आपल्याच जोडीदाराच्या लगेच मागे आला आणि निदान एका प्रतिस्पर्ध्याच्या पुढे राहिला, तर त्याला एक बोनस गुण मिळतो. जोडीदार पहिला, हा दुसरा. किंवा जोडीदार दुसरा, हा तिसरा. हा बोनस संघाच्या खात्यात जात नाही. तो रायडरच्या सरासरीत आणि पगारात जातो. ‘११+२’ म्हणजे ११ खरे गुण आणि २ बोनस. बोलताना लोक ‘पेड १३’ म्हणतात. बोनस ठेवण्याचं कारण सरळ आहे: रायडर गुणांवर पैसे कमावतो. बोनस नसता तर दुसऱ्या क्रमांकावरच्याने स्वतःच्या जोडीदारालाच ओव्हरटेक करायचा धोका पत्करला असता आणि दोघेही कुंपणात गेले असते.

सरासरी काढताना गुण अधिक बोनस, भागिले हीट्स, गुणिले ४. समजा एकाने ३० हीट्समध्ये ४८ गुण आणि ६ बोनस मिळवले. ५४ भागिले ३० म्हणजे १.८, चौपट केली की ७.२०. हा आकडा वाचायला एक मोजपट्टी लक्षात ठेवा. हीटचे ६ गुण चौघांत वाटले की दरडोई १.५, चौपट ६. म्हणजे बोनस न धरता ६.०० हा अगदी मधला रायडर. आठच्या वरचा हीट लीडर, म्हणजे संघाचा आघाडीचा रायडर, नऊच्या पुढे तारा, चारच्या खाली रिझर्व्ह. कमाल १२, आणि तिथे अख्खा सीझन कुणीच राहत नाही.

आता मुख्य गंमत. लीग दर हिवाळ्यात एक मर्यादा ठरवते: संघातल्या रायडर्सच्या सरासऱ्यांची बेरीज अमुक एका आकड्याच्या पुढे जाता कामा नये. आकडा दर वर्षी बदलतो आणि त्यावर दर वर्षी भांडणं होतात. उदाहरणासाठी ४० धरू. एक मालक १०, ९, ६, ५, ४, ३, ३ असे सात जण घेतो. दुसरा ७, ६.५, ६, ६, ५.५, ५, ४. दोघांची बेरीज ४०. पोस्टरवर पहिला संघ भारी दिसतो. पण दहाच्या सरासरीचा रायडर आणखी सुधारून किती सुधारणार? वर छत आहे. साडेपाचचा माणूस मात्र साडेसातला जाऊ शकतो, आणि असे दोघे-तिघे गेले की दुसऱ्या संघाची खरी बेरीज ४५ होते, तीही कायद्याने. तारा एका मॅचमध्ये साधारण पाच हीट्स चालवतो, ३० पैकी ५ जागा. उरलेल्या २५ जागांचं काय, हा प्रश्न मालक विसरतात.

उलट बाजूही आहे, नाहीतर सगळ्यांनीच सपाट संघ बांधले असते. तेराव्या हीटमध्ये दोन्ही संघांचे आघाडीचे रायडर, क्रमांक १ आणि ५, समोरासमोर येतात. पंधरावी हीट नामनिर्देशित, मॅनेजर त्या रात्रीचे आपले सर्वोत्तम दोघे उतरवतो. या दोन हीट्समध्ये सपाट संघ १–५ ने मार खातो. म्हणून बाराव्या हीटपर्यंत सात-आठ गुणांची आघाडी नसेल तर असा संघ बाहेरच्या मॅचमध्ये हातात आलेला विजय घालवतो.

स्वस्तात मिळालेला रायडर ओळखायचा कसा? गेल्या वर्षी दुखापतीतून परत आलेला आणि अर्धा सीझन चाचपडलेला पहिला. त्याची सरासरी पडलेली असते, कसब पडलेलं नसतं. दुसरा, सीझनच्या शेवटच्या दोन महिन्यांत झपाट्याने वर गेलेला तरुण. सरासरी मागे राहते, रायडर पुढे गेलेला असतो. तिसरा प्रकार लोकांच्या नजरेतून सुटतो: पाहुणा म्हणून आपल्या ट्रॅकवर येऊन सातत्याने नऊ-दहा गुण नेणारा. त्याची एकूण सरासरी सहा असेल, पण निम्म्या मॅच आता तो याच ट्रॅकवर चालवणार आहे. एकूण आकडा बघू नका. घरचा आणि बाहेरचा वेगळा काढा, मग बाहेरच्यातही ट्रॅकवार बघा.

२०२१ चा पीटरबरो पँथर्स हा या बेरजेचा अलीकडचा सर्वात स्वच्छ नमुना. स्कॉट निकोल्स आणि ब्यार्ने पेडरसन १९७८ चे, हान्स अँडरसन १९८० चा, उलरिक ऑस्टरगार्ड १९८१ चा, क्रिस हॅरिस १९८२ चा. पाच जण चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, सोबत मायकेल पाम टॉफ्ट आणि कोवळा जॉर्डन पॅलिन. कोविडमुळे २०२० चा सीझन झालाच नव्हता आणि २०२१ चाही मे महिन्यात उशिरा सुरू झाला. जाणकारांनी या संघाला मोडीत काढलं होतं. पण हे सगळे एकेकाळी खूप वरच्या सरासरीवर होते. वय आणि पडझडीमुळे आकडे उतरले होते. सातात एकही कच्चा दुवा नाही, प्रत्येक हीटमध्ये कुणीतरी दुसरा-तिसरा येतोच. अंतिम फेरीत त्यांनी बेल व्ह्यूला हरवलं. १९९९ आणि २००६ नंतरचं त्यांचं हे तिसरं वरच्या डिव्हिजनचं विजेतेपद. शेजारचे आजोबा बहुधा याबद्दलच बोलत होते.

सरासऱ्या सीझनभर गोठलेल्या नसतात. ठरावीक काळाने नव्या सरासऱ्यांची यादी निघते, तिला ‘ग्रीन शीट’ म्हणतात. संघातले सर्वात कमी सरासरीचे दोघे रिझर्व्ह, क्रमांक ६ आणि ७. दुसरी हीट या रिझर्व्हांचीच असते, म्हणजे समोर सोपे प्रतिस्पर्धी. शिवाय रिझर्व्हला बदली म्हणून जादा हीट्स मिळतात, एका मॅचमध्ये सातपर्यंत. आता बघा: पाचच्या सरासरीचा अनुभवी रायडर महिनाभर खराब चालला, ग्रीन शीटवर घसरून रिझर्व्हला गेला. फॉर्म परतला की तो सात हीट्समध्ये बारा-तेरा गुण आणतो आणि पुढची ग्रीन शीट निघेपर्यंत प्रतिस्पर्धी हात चोळत बसतात. कोणता मॅनेजर हुशार हे बघायचं असेल तर नवी यादी निघायच्या आधीच्या आठवड्यात तो रायडर्सच्या हीट्स कशा वाटतो ते बघा. २०२१ पासून एका रिझर्व्हच्या जागी ‘रायझिंग स्टार’ म्हणून तरुण रायडर बसवण्याची पद्धत आली. कल्पना चांगली आहे. परिणाम असा की काही मॅचेस थेट या पोरांच्या चार हीट्सवर ठरतात.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे: आठ गुणांनी मागे असून एवढी धडपड कशासाठी? लीग टेबलातले गुण कसे द्यायचे याचे नियम दर काही वर्षांनी बदलतात, पण बाहेर जिंकण्याला जास्त मोल देण्याची वृत्ती जुनी आहे. २०१० च्या दशकात वरच्या डिव्हिजनमध्ये बाहेर ७ किंवा जास्त गुणांनी जिंकलं तर ४, त्याहून कमी फरकाने जिंकलं तर ३, आणि बाहेर ६ किंवा कमी गुणांनी हरलं तरी १ गुण अशी पद्धत होती. ती डोळ्यांसमोर धरून हिशेब करा. चौदा हीट्सनंतर ४६–३८. यजमान जिंकलेलेच आहेत. शेवटची हीट ३–३ झाली तर ४९–४१, फरक आठ, पाहुणे रिकाम्या हाताने परत. पाहुण्यांनी ती ४–२ ने घेतली तर ४८–४२, फरक सहा, टेबलात एक गुण. ४–२ म्हणजे पहिला आणि तिसरा. त्यामुळे सगळ्या पाहुण्यांची नजर जिंकणाऱ्याकडे नसते, तिसऱ्या जागेसाठी झगडणाऱ्या दुसऱ्या रायडरकडे असते; एकट्याने जिंकून आणि जोडीदार चौथा येऊन ३–३ च होतं. सीझनअखेर प्ले-ऑफची, म्हणजे वरच्या चार संघांच्या बादफेरीची, रेघ अशाच एक-एक गुणांनी आखली जाते.

हीट सुरू होण्याआधीच बरंच काही ठरलेलं असतं. यजमान लाल आणि निळ्या हेल्मेटमध्ये, पाहुणे पांढऱ्या आणि पिवळ्या. गेट म्हणजे सुरुवातीला उभं राहायची जागा; क्रमांक १ आतलं, ४ बाहेरचं. एका संघाला १ आणि ३, दुसऱ्याला २ आणि ४, आणि हीटगणिक अदलाबदल. दोघांपैकी कोण कुठे उभं राहणार हे ते आपसात ठरवतात. दोन मिनिटांचा बझर वाजला की तेवढ्यात स्टार्टवर हजर नसलेला बाद. स्टार्टवरची आडवी टेप सुटण्याआधी तिला भिडलात तर बाद होऊन तुमच्या जागी रिझर्व्ह येतो, किंवा तुम्हीच १५ मीटर मागून सुरुवात करता. पडल्यामुळे शर्यत थांबली तर ज्याच्यामुळे थांबली तो बाद आणि बाकीचे पुन्हा पळतात. पहिल्या वळणावर चौघांची गर्दी होऊन पडझड झाली तर रेफ्री बहुधा चौघांनाही परत बोलावतो. २००० च्या दशकात मागे पडलेल्या संघाला काळं-पांढरं हेल्मेट घालून दुप्पट गुणांची एक हीट घेता यायची. ती सोय गेली, बरं झालं. चौदा हीट्सची मेहनत एका जुगारात वाहून जायची.

घरचं मैदान. पृष्ठभाग शेलचा, लालसर भाजक्या दगडाचा भरडा. ट्रॅकच्या लांब्या एकसारख्या नाहीत: बेल व्ह्यूचं २०१६ मध्ये सुरू झालेलं नॅशनल स्पीडवे स्टेडियम ३४७ मीटर, शेफील्डचं ओलर्टन ३६१, किंग्ज लिन ३४२, इप्सविचचं फॉक्सहॉल सुमारे ३००, आणि २०२३ अखेर स्पीडवे बंद पडलेलं वुल्व्हरहॅम्प्टनचं मनमोर ग्रीन जेमतेम २६४. ओलर्टनला सरळ भागावर वेग चढतो आणि जो गॅस सोडत नाही तो जिंकतो. मनमोरला सरळ भाग जवळपास नव्हताच. तिथे आतलं गेट आणि सुरुवातीचे तीस मीटर मिळाले की हीट खिशात. ओलर्टनचा माणूस मनमोरला उतरला की बिचारा पाहुणाच वाटायचा.

लांबीपेक्षा मोठा फरक पाण्याचा. ट्रॅक क्युरेटर दुपारपासून टँकरने पाणी मारतो, ग्रेडर फिरवतो, मग दाबतो. पाणी मुरू दिलं आणि वरचा थर सैल ठेवला तर टायरला पकड मिळते, बाहेरची रेघ चालते, ओव्हरटेकिंग होतं. दाबून कोरडा ठेवला तर ट्रॅक गुळगुळीत, मागचं चाक नुसतं गरगरतं, आणि स्टार्ट जिंकणारा हीट जिंकतो. यजमानांकडे झपाट्याने सुटणारे असतील तर दुसरा प्रकार, मागून येऊन मारणारे असतील तर पहिला. हीट्स होत जातात तसा शेल मागच्या चाकांनी बाहेर कुंपणाकडे फेकला जातो. आत कडक, बाहेर ढिगारा. दर तीन-चार हीट्सनंतर ट्रॅक्टर फिरतो तो हेच परत आत ओढायला. म्हणून ट्रॅक्टर फिरल्यानंतरची पहिली हीट आणि त्याच्या आधीची शेवटची हीट, या दोन वेगळ्या ट्रॅकवरच्या शर्यती समजा. पाहुण्यांचे मेकॅनिक इथेच चुकतात. तिसऱ्या हीटला जमलेला गिअर पाचव्या हीटला तसाच ठेवतात.

कारण बदलायला फारसं काही नसतंच. ५०० सीसीचं एक सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन, एकच गिअर, ब्रेक नाही, गाडीचं किमान वजन ७७ किलो. गिअर म्हणजे मागच्या स्प्रॉकेटचे दात. लहान वळणदार ट्रॅक किंवा जड ओला शेल असेल तर मागे मोठं स्प्रॉकेट, म्हणजे ओढ जास्त. लांब ट्रॅक किंवा गुळगुळीत पृष्ठभाग असेल तर एक-दोन दात कमी, म्हणजे चाक कमी गरगरतं आणि ताकद जमिनीवर उतरते. नवख्या मेकॅनिकला उलट वाटतं: गाडी मागे पडतेय, ओढ वाढवू. गुळगुळीत ट्रॅकवर ओढ वाढवली की चाक आणखी सुटतं आणि गाडी जागच्या जागी ओरडत राहते. आवाज चढतोय पण गाडी पुढे जात नाही असं दिसलं, तर दात कमी करायचे. आवाज वळणातून बाहेर येताना दबतोय, इंजिन घुसमटतंय, तर दात वाढवायचे. स्टँडमधूनही हे कानांनी ओळखता येतं.

इंधन मेथॅनॉल. पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, मेथॅनॉलला ६.४ पट, म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन ओतावं लागतं. म्हणून कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे इंधन सोडणारी छिद्रं, मोठे. बदल्यात इंजिन थंड राहतं आणि खूप जास्त कॉम्प्रेशन सहन करतं. त्रास दोन. एक, ते हवेतलं पाणी ओढतं; रात्री मॅच संपल्यावर टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामे करून धुतले नाहीत तर आत पांढरट गंज धरतो, जेटमध्ये कण अडकतो आणि पुढच्या मॅचच्या पहिल्या हीटला गाडी अर्ध्या फेरीत खोकते. दुसरं, त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. पिटमध्ये सिगारेटवरून मारामारी होण्याइतके लोक कडक असतात ते उगाच नाही.

स्टार्टवर घात करतो तो क्लच. टेपपाशी इंजिन पूर्ण चढवून क्लच दाबून धरलेला असतो. प्लेट तापतात, फुगतात, क्लच थोडा धरायला लागतो आणि गाडी पुढे सरकते. रेफ्रीला दिसलं की शर्यत परत आणि ताकीद, पुन्हा केलंत तर बाद. म्हणून शहाणे रायडर टेपपाशी शेवटच्या क्षणी येतात आणि मेकॅनिक दोन हीट्सच्या मध्ये प्लेट बदलतात किंवा निदान उघडून गार होऊ देतात. सुटताना रायडर छाती हँडलवर टाकतो ती पुढचं चाक उचललं जाऊ नये म्हणून. वजन मागे राहिलं तर गाडी उभीच राहते आणि पाठीवर येते. मनगटाला बांधलेली दोरी गाडीच्या कट-आउटला असते. माणूस पडला की दोरी सुटते, इंजिन बंद.

मागच्या टायरची कड हीच खरी पकड. सतत डावीकडे वळल्याने एकच कड झिजते, मग टायर रिमवर उलटा बसवून दुसरी कड वापरतात. ताज्या कडेचे फायदे एक-दोन हीट्स टिकतात. पैसे जपणारा रायडर ती पहिल्या हीटला आणि शेवटच्या दोन हीट्सना राखून ठेवतो. मधल्या हीटमध्ये एखादा भरवशाचा माणूस अचानक तिसरा आला तर आधी टायर आठवा. रायडर स्वतःच्या गाड्या, इंजिनं, मेकॅनिक आणि व्हॅनचा खर्च स्वतः करतो आणि संघाकडून गुणामागे पैसे घेतो. त्याच्या प्रत्येक निर्णयात हा हिशेब असतो.

सीझन मार्चअखेर ते ऑक्टोबर. वरच्या डिव्हिजनच्या मॅच मुख्यतः सोमवारी आणि गुरुवारी असण्याचं कारण ब्रिटनमध्ये नाही, पोलंडमध्ये आहे. पोलिश लीग शुक्रवार ते रविवार, स्वीडन मंगळवारी, डेन्मार्क बुधवारी. चांगला रायडर आठवड्यात तीन-चार देशांत चालवतो. परिणाम असा की सोमवारी तुमच्यासमोर येणारा तारा रविवारी रात्री पोलंडमध्ये पाच हीट्स चालवून आलेला असतो. सकाळचं विमान पाऊस-धुक्यात अडकलं की संघाची घडी विस्कटते. पाऊस वेगळाच शत्रू: शेल भिजला की चिखल, मॅच रद्द, आणि रद्द झालेली मॅच सप्टेंबरमध्ये कुठेतरी कोंबली जाते, जेव्हा कुणी मोकळं नसतं.

कुणी जायबंदी झाला तर दोन वाटा. तारा नसेल तर दुसऱ्या संघातला तेवढ्याच किंवा कमी सरासरीचा पाहुणा रायडर त्या रात्रीपुरता घेता येतो. मधल्या फळीतला नसेल तर बहुधा ‘रायडर रिप्लेसमेंट’, म्हणजे त्याच्या हीट्स संघातल्या इतरांत वाटायच्या. पाच-साडेपाचवाला बाहेर बसला आणि त्याच्या चार हीट्स सात-आठवाल्यांनी वाटून घेतल्या तर कागदावर संघ उलट बळकट होतो. महिन्याभराची दुखापत झालेल्याच्या जागी नवा माणूस न घेता मॅनेजर चालढकल का करतो, हे आता कळलं असेल.

शेवटी प्ले-ऑफ. २००२ पासून टेबलात पहिला येऊन चॅम्पियन होता येत नाही; वरचे चार घर-बाहेर अशा दोन मॅचच्या उपांत्य आणि अंतिम फेरीत खेळतात आणि दोन्ही मॅचच्या बेरजेवर निकाल लागतो. २०१० मध्ये पूल या संघाने टेबलात सगळ्यांना मागे टाकलं आणि अंतिम फेरीत कॉव्हेंट्रीने त्यांना हरवलं. अनेकांना हे अन्यायाचं वाटतं आणि मला त्यांचं म्हणणं पटतं, पण ऑक्टोबरात स्टँड भरतात तेही यामुळेच. प्ले-ऑफमध्ये हिवाळ्यातल्या बेरजेची परीक्षा वेगळी होते: सहा महिने टिकलेला सपाट संघ इथे एका दुखापतीने कोसळत नाही, पण दोन मॅचच्या मिळून चार तेराव्या-पंधराव्या हीट्स येतात, तिथे तारे लागतात. २०२३ मध्ये इप्सविचकडे माजी विश्वविजेता जेसन डॉयल आणि एमिल सायफुत्दिनोव असे दोन होते, तरी विजेतेपद नेलं शेफील्डने, वरच्या डिव्हिजनमधलं त्यांचं पहिलंच. ओलर्टनला स्पीडवे सुरू झाला होता १९२९ मध्ये. २०२२ मध्ये बेल व्ह्यूने शेफील्डला हरवून १९९३ नंतर पहिल्यांदा लीग जिंकली होती, आणि २०२४ मध्ये लेस्टरला हरवून पुन्हा.

पुढच्या सोमवारी जाल तेव्हा कार्यक्रमपत्रिका आणि पेन घ्या, दर हीटला गेट क्रमांकासकट निकाल लिहा. आठ हीट्स झाल्या की कोणत्या गेटवरून किती जण पहिले आले ते मोजा. तीनदा-चारदा एकच गेट दिसलं तर ट्रॅक गुळगुळीत आहे आणि पुढच्या हीट्सचा अंदाज टेप सुटण्याआधीच बांधता येतो. दोन्ही संघांच्या क्रमांक ६ आणि ७ चे गुण वेगळे बेरजेला घ्या. पहिल्यांदा उभं राहायला दुसऱ्या वळणाची बाहेरची बाजू चांगली, तिथून स्टार्ट आणि पहिली गर्दी दोन्ही दिसतात. फक्त पांढरा शर्ट घालू नका, आणि चष्मा नसेल तर साधा गॉगल खिशात ठेवा. शेलचे खडे कुंपणावरून येतात, आणि ते डाग सहजी निघत नाहीत.